माळ, मळई आणि पोटखराबा

काही वर्षांपूर्वी सोलापूर जिल्ह्यात शिक्षकांच्या एका शिबिरात मातीविषयी बोलायला गेलो होतो. जेवणाच्या सुट्टीत भूगोल शिकवणाऱ्या एका बाईंनी सहावीची एक उत्तरपत्रिका माझ्यापुढे ठेवली. प्रश्न होता, ‘तुमच्या गावाच्या परिसरातील भूरूपांचे वर्णन करा.’ मुलाने लिहिले होते : ‘आमच्या गावाच्या वर माळ आहे. माळाच्या खाली बरड आहे. मग काळी लागते. गाव पांढरीवर आहे. नदीला मळई आहे.’ उत्तर एवढेच. अपेक्षित उत्तर होते, ‘आमचे गाव पठारी प्रदेशात असून जमीन बहुतांशी सपाट आहे.’ बाईंनी पाचपैकी दीड गुण दिला होता, आणि तो देऊन त्या अस्वस्थ होत्या. म्हणाल्या, “सर, पुस्तकातला एकही शब्द यात नाही. पण चूक तरी नेमकी कुठे दाखवायची?”

चूक नव्हतीच. मृदाशास्त्रात पदवीच्या वर्गाला शिकवतात ती एक महत्त्वाची कल्पना त्या पाच वाक्यांत क्रमाने मांडलेली होती. पुस्तकाला मात्र ती ऐकू आली नाही, कारण पुस्तकाने सपाट जमिनीसाठी दोनच शब्द ठेवले आहेत : पठार आणि मैदान.

हे दोन शब्द वाईट आहेत असे नाही. देशाच्या नकाशावर ते उपयोगी पडतात. समुद्रसपाटीपासून उंच आणि सपाट ते पठार. सखल आणि सपाट ते मैदान. मैदान हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. घोडदौडीच्या किंवा कुस्तीच्या मैदानावर तो बराच आधीपासून रुळला होता. ‘गंगेचे मैदान’ हा त्याचा शास्त्रीय अर्थ शाळेच्या पुस्तकांतून पक्का झाला. पण या वर्गवारीने सोलापूर जिल्ह्याचा नकाशा रंगवायला घेतला तर एकच रंग पुरतो. तिथे राहणाऱ्या माणसाला अशा एकरंगी नकाशाचा काही उपयोग नसतो. त्याला हवी असते वेगळीच माहिती : नांगर किती खोल जाईल, पावसाने उघडीप दिल्यावर ओल किती दिवस टिकेल, गुरे कुठे चरतील, पुरात काय बुडेल. दोन जमिनी डोळ्यांना सारख्याच सपाट दिसल्या, तरी या प्रश्नांची उत्तरे वेगळी असतील तर त्यांची नावेही वेगळी पडतात.

माळापासून नदीपर्यंत

त्या मुलाच्या उत्तराच्या वाटेने आपणही चालत जाऊ.

दख्खनचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. हे थर जवळजवळ आडवे आहेत. म्हणून इथल्या टेकड्यांचे माथेदेखील सपाट असतात. कातळ ऊन, पाणी आणि हवेने झिजला की आधी मुरूम होतो, आणि मुरूम आणखी कुजला की चिकणमाती. पावसाचे पाणी या मातीतील बारीक कण उतारावरून खाली नेते. हजारो वर्षे हे चालू राहिले म्हणजे वर उरतो मुरूम, गोटे आणि वीतभर माती. खाली साचते ती खोल, काळी चिकणमाती. उतार इतका मंद असतो की सायकलवर बसल्याशिवाय तो जाणवतही नाही, पण माती त्याला बरोबर ओळखते.

जेफ्री मिल्न हे मृदाशास्त्रज्ञ पूर्व आफ्रिकेत काम करत होते. एकाच उतारावर ठरावीक क्रमाने बदलत जाणाऱ्या मातीच्या मालिकेला त्यांनी १९३५ साली ‘कॅटिना’ असे नाव दिले. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ साखळी. साखळी म्हणायचे कारण असे की खालची माती वरच्या मातीमुळेच तशी झालेली असते. मधली एक कडी सुटी काढून तिचे वर्णन पुरे होत नाही. माळ, बरड, काळी, मळई ही आपल्या दख्खनची साखळी आहे. मिल्न यांना ती आफ्रिकेत दिसली. आपल्या गावांनी तिच्या एकेका कडीचे बारसे कधीच केलेले होते.

आता थोडे आकडे पाहू. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला घेता येईल असे पाणी साधारण १५० ते २०० मिलिमीटर साठते. म्हणजे तेवढ्या उंचीचे पाण्याचे तळेच जमिनीच्या पोटात साठले म्हणायचे. माळावरच्या २० सेंटीमीटर मुरमाड मातीत जेमतेम २० ते ३० मिलिमीटर पाणी मावते. दोन्हीकडे पाऊस पडतो तो एकच, वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर. पण माळावरचे तळे आठ-दहा कोरड्या दिवसांत आटते आणि काळीतले तळे पाऊस संपल्यावरही तीन-चार महिने पुरते. सोलापूरकडची रब्बीची ज्वारी, आपला शाळू, परतीच्या पावसानंतर पेरून थंडीत पिकते ती याच साठ्यावर. बरड या दोहोंच्या मधली : बाजरी, हुलगा, मटकी यांना पुरे पडणारी, शाळूला न पुरणारी.

पांढर ही या साखळीतली कडी नव्हे, पण तिच्याशी जोडलेलीच आहे. काळी पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या घराच्या भिंतीही तिच्याबरोबर हलतात. म्हणून शेत काळीत आणि घर पांढरीवर, अशी ही जुनी जोडी आहे.

नदीकाठची मळई म्हणजे पुराने आणून टाकलेला ताजा गाळ. ती दरवर्षी थोडी नवी होते आणि कधीकधी एका पुरात वाहूनही जाते. धरणे झाल्यावर तिला एक धाकटी बहीण मिळाली, गाळपेर. जलाशयाचे पाणी उतरत जाते तसतशी उघडी पडणारी जमीन पेरायची आणि पाणी परत चढण्याआधी पीक काढून घ्यायचे, हे ते गणित. सखल जमीन बिघडली तर तिलाही नावे आहेत. पाण्याचा निचरा न होऊन क्षार वर आले की ती खारवट होते; आणि मातीत सोडियम साचून तिचे कण विस्कटले, ओली असताना ती लोण्यासारखी चोपट आणि वाळल्यावर दगडासारखी झाली, की ती चोपण. प्रयोगशाळेत सामू आणि सोडियमचे प्रमाण मोजून आम्ही जो भेद करतो तो शेतकरी तळपायाने करतात. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत, आणि चोपण जमिनीला खारवट समजून नुसते पाणी देत राहिले तर ती जास्तच बिघडते.

‘ओसाड’ म्हणजे काय?

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षी मी एका माळावर मातीचे नमुने घेत होतो. वहीत जागेच्या वर्णनापुढे लिहिले होते, ‘ओसाड, निकृष्ट’. मेंढरे घेऊन आलेले एक धनगर आबा शेजारी उकिडवे बसले आणि काय लिहितोस म्हणाले. मी वाचून दाखवले. ते हसले. “वसाड कुठं हाय लेकरा? शंभर मेंढरं बघ की चरत्यात. ह्यो माळ हाय.” ती वही अजून माझ्याकडे आहे. ‘ओसाड’वर काट मारून बाजूला ‘माळ’ लिहिलेले आहे.

ओसाड म्हणजे जिथे आधी काही होते आणि आता नाही अशी जागा. गाव ओसाड पडते. माळाला हा शब्द लावताना आपण नकळत गृहीत धरतो की इथे एके काळी जंगल होते आणि ते कोणीतरी तोडले. काही टेकड्यांच्या बाबतीत हे खरेही आहे. पण वीतभर माती, खाली कातळ आणि आठ महिने कोरडे, अशा जागी दाट जंगल मुळात होते कशावरून? आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी या प्रश्नाचा शोध वेगळ्याच वाटेने घेतला. त्यांनी १३व्या शतकापासूनचे मराठी संतसाहित्य, लोककथा आणि ओव्या तपासून त्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या कोरड्या भागातील कोणती रानझाडे येतात हे पाहिले. २०२५ साली ‘पीपल अँड नेचर’ या संशोधनपत्रिकेत त्यांचा लेख प्रसिद्ध झाला. जुन्या वाङ्मयात उल्लेखलेल्या वनस्पतींपैकी बहुतेक उघड्या, गवताळ, विरळ काटेरी झाडांच्या प्रदेशातल्या निघाल्या. म्हणजे निदान सात-साडेसातशे वर्षे तरी माळ हा माळच आहे. भाषा आणि मराठी शिकवणाऱ्यांनी हा लेख विज्ञानाच्या शिक्षकांसोबत बसून वाचावा असा आहे.

माळावरचे जीवन या कोरड्या ऋतूला सरावलेले असते. पवन्या, मारवेल, डोंगरी आणि कुसळी ही गवते पहिल्या पावसानंतर काही दिवसांत उठतात, दिवाळीपर्यंत बी धरतात आणि मग वरचा भाग वाळू देऊन जमिनीखाली जिवंत राहतात. कुसळीची करामत तर वर्गात दाखवण्याजोगी आहे. पायमोज्यात अडकणारे ते कुसळ म्हणजे टोकदार बी आणि त्याला जोडलेली पिळदार केसासारखी शेपटी. एक कुसळ घेऊन शेपटीवर पाण्याचा थेंब सोडा. पीळ उलगडू लागतो आणि सारे बी गर्रकन फिरते. वाळले की पीळ पुन्हा बसतो. रात्रीचे दव आणि दिवसाचे ऊन यांच्या आळीपाळीने बी स्क्रूसारखे जमिनीत उतरत जाते. मेंढपाळांना अर्थात या करामतीचे कौतुक नाही. ते कुसळ मेंढीच्या कातडीतही तसेच उतरते.

पक्ष्यांची नावेही पाहावीत. माळढोक, माळटिटवी. चंडोल, धाविक, पखुर्डी यांच्या नावात माळ नाही, पण घर तिथेच. हे सगळे उघड्या जमिनीवर अंडी घालणारे. आपल्याकडे कोण येत आहे हे लांबून दिसावे, यावर त्यांचे संरक्षण अवलंबून. तिथे झाडांची रांग उभी केली की कावळ्यांना आणि शिकारी पक्ष्यांना टेहळणीचे मचाण मिळते. माळढोकाची मादी सहसा एकच अंडे घालते, तेही नुसत्या जमिनीवर.

खराबा

मग माळ निकृष्ट ठरला कधी? याचा एक धागा महसुलाच्या दप्तरात सापडतो.

१८३५ साली इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी जमीनमोजणीची नवी पद्धत सुरू केली. ती बरीच बारकाईची होती. मातीचा रंग आणि पोत पाहायचा, खोली हातांत मोजायची, आणि जमिनीचे नऊ वर्ग करायचे. उत्तम, पावणेदोन हात खोल काळी म्हणजे सोळा आणे. शेवटच्या वर्गाची किंमत दोन आणे. मृदाशास्त्राच्या दृष्टीने ही पद्धत मला आजही आदर वाटावा अशी आहे, कारण खोली म्हणजे ओल आणि ओल म्हणजे पीक हे तिने नेमके पकडले होते. पण ती होती सारा ठरवण्यासाठी. ज्या जमिनीतून सारा मिळणार नाही तिचे वर्णन करायचे कारणच नव्हते. तिला ‘खराबा’ म्हटले की काम संपले. शेताच्या पोटात असा तुकडा असला तर तो पोटखराबा. सातबाराच्या उताऱ्यावर हा शब्द आजही आहे. आपल्या घरचा उतारा काढून पाहावा.

खराबा हा हिशेबाचा शब्द आहे. त्यावरून जमिनीत काय आहे ते कळत नाही, तिच्यातून काय मिळत नाही तेवढे कळते. आजच्या शब्दांतही तेच उतरले. १९८५ साली पडीक जमिनींच्या विकासासाठी राष्ट्रीय मंडळ स्थापन झाले. पुढे उपग्रहाच्या छायाचित्रांवरून देशातील पडीक जमिनींचे नकाशासंग्रह निघाले. पहिला २००० साली, अलीकडचा २०१९ साली. त्यात झुडपी जमीन, निकृष्ट चराऊ कुरणे, खडकाळ उजाड जमीन, पाणथळ व दलदलीची जमीन, खारवट जमीन असे प्रकार आहेत. आपल्या साखळीचे वरचे टोक आणि खालचे टोक, दोन्ही एकाच मथळ्याखाली आली. नकाशात ‘पडीक’ लिहिले की तिचा ‘विकास’ करणे ओघानेच येते. वर खड्डे खणून झाडे, आणि अलीकडे सौर पट्ट्या, खाली भराव.

माळढोकासाठी सोलापूर आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यांत १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले. कागदावर ते ८,४९६ चौरस किलोमीटर होते. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले होते, म्हणून पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. नान्नजच्या माळांवर एकेकाळी पक्षिप्रेमी महाराष्ट्रभरातून माळढोक पाहायला येत. आज साऱ्या देशात तो दीडशेच्या आसपास किंवा त्याहून कमी उरला आहे, मुख्यतः राजस्थानात. याला कारणे अनेक आहेत : शिकार, विजेच्या तारा, उसाखाली गेलेली जमीन. सगळा दोष एका शब्दावर टाकणे अशास्त्रीय ठरेल. पण माळ राखायचा म्हणजे त्यावर ग्लिरिसिडिया लावायचा, असे चांगल्या हेतूच्या माणसांना वाटू शकले, हे मात्र शब्दाचेच काम. ‘वन’ म्हटले की झाड हवे आणि झाड नाही ते ‘पडीक’, या दोन शब्दांच्या मधे गवताला जागाच उरली नाही.

घाट उतरल्यावर

ही गोष्ट एकट्या देशावरची असेल असे वाटू नये म्हणून कोकणातही डोकावू. तिथे भूमीचे पहिलेच विभाजन शब्दात आहे : समुद्रालगतची सखल ती खलाटी, सह्याद्रीच्या पायथ्याकडची ती वलाटी. आणि उघड्या, सपाट जमिनीचे दोन अगदी विरुद्ध प्रकार, सडा आणि खाजण, तिथे काही किलोमीटरच्या आत भेटतात.

सडा म्हणजे जांभ्याचे सपाट, उघडे कातळ. एप्रिलमध्ये त्यावर अनवाणी उभे राहवत नाही. पावसाळ्यात त्याच कातळाच्या बोटभर मातीत कीटकभक्षी सीतेची आसवे आणि पांढरे गेंद फुलतात. घाटमाथ्यावरचे कास पठारही जांभ्याचेच. २०१२ साली पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत त्याचा समावेश झाला. जांभा सच्छिद्र असतो. सड्यावर पडलेले पाणी त्यातून मुरून पायथ्याच्या विहिरींना आणि झऱ्यांना येते. कातळ सुरुंगाने फोडून, बाहेरून माती आणून बाग करता येते, आणि आंब्याच्या बागा अशा झालेल्याही आहेत. पण तसे करण्याआधी खालच्या वाडीची विहीर कशावर भरते हे विचारायला हवे. सातबाऱ्यावर सडा बहुधा पोटखराबाच असतो.

खाजण हे दुसरे टोक. भरतीच्या पाण्याच्या पातळीहूनही सखल असलेली खाडीकाठची ही जमीन. गोव्यात शेकडो वर्षांपासून बांध घालून ती शेतीखाली आणली आहे. बांधात लाकडी झडपांचे दार असते, त्याला मानस म्हणतात. रायगडकडे तशाच सोयीला उघाडी म्हणतात. भरती आली की खाडीचे पाणी बाहेरून दाबते आणि झडप बंद होते. ओहोटीला आतले पाणी वरचढ होते, झडप उघडते आणि पाणी बाहेर जाते. दाबातील फरकावर चालणारी ही एकदिशा झडप आहे. हृदयाच्या झडपेचा धडा शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे. उन्हाळ्यात केशाकर्षणाने मीठ वर येते, पावसाच्या पहिल्या सरी ते धुऊन नेतात, आणि मग खार सोसणारा कोरगुट भात लावला जातो. भात निघाल्यावर मासळी. हे सगळे बांधाच्या डागडुजीवर अवलंबून असते. बांध फुटून एक मोसम दुरुस्त झाला नाही की खारे पाणी शिरते, पीक जाते, आणि मग ती जमीन ‘पडीकच आहे, भराव टाकायला हरकत नाही’ असे म्हणता येते. सखल जमिनीवर भराव टाकला तरी पाऊस कमी होत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तो जिरायला आणि पसरायला मिठीकाठची दलदल आणि खाजणे पूर्वीइतकी उरलेली नव्हती.

वर्गाबाहेर

त्या बाईंनी पुढच्या वर्षी एक चांगला उपक्रम केला. तो कोणत्याही शाळेला जमेल. मुलांना घेऊन त्या माळापासून ओढ्यापर्यंत सरळ रेषेत चालल्या आणि वाटेत पाच ठिकाणी थांबल्या. प्रत्येक ठिकाणी पहार लागेपर्यंत खड्डा खणून पट्टीने मातीची खोली मोजली. तळ काढलेला डबा जमिनीत बोटभर रुतवून त्यात एक लिटर पाणी ओतले आणि ते जिरायला लागणारा वेळ घड्याळावर टिपला. माळावर पाणी झटकन जिरले. भेगाळलेल्या काळीत त्याहूनही लवकर गेले, तेव्हा मुले चक्रावली. आठवड्याने, पाऊस होऊन गेल्यावर, त्याच काळीत डबा भरून ठेवला तर पाणी हलेचना. चिकणमाती फुगून भेगा मिटल्या होत्या. याचे स्पष्टीकरण त्यांनी लगेच दिले नाही, हे मला विशेष आवडले. मुलांनी दोन दिवस वाद घातला. जागेचे नाव मात्र वहीत लिहायचे ते खणण्याआधी, तिथल्या शेतकऱ्याला किंवा गुराख्याला विचारून, असा नियम होता. एका जागेला दोघांनी दोन नावे सांगितली. तिथे माती हातभर अंतरात बदलत होती.

शाळेच्या जुलैमधल्या वृक्षारोपणासाठीही त्यांनी याच मोजणीचा उपयोग केला. माळावर खड्डे घेतले नाहीत. ओढ्याच्या काठाला, शेतांच्या बांधांना आणि पांढरीवर शाळेच्या अंगणात घेतले.

या लेखात आलेले शब्द मुख्यतः सोलापूर, पुणे आणि कोकणचे आहेत. विदर्भ, खानदेश आणि मराठवाड्यातील शिक्षकांनी आपल्याकडची नावे जमवून कळवावीत. शब्दासोबत मातीची खोली, मे महिन्यात तिथे काय हिरवे असते आणि पावसाळ्यात पाणी किती दिवस उभे राहते, एवढे जरूर लिहावे.